बंद पाकिटाला उत्तर

त्या पाकिटात काय होतं ते मला आजही माहीत नाही. जाड खाकी कागदाचं, फुलस्केप कागद मधोमध दुमडला तर मावेल एवढं, पाठीवर लाखेचे दोन शिक्के. सरकारी वकिलांनी उभं राहून ते पुढं केलं, कोर्टाच्या कारकुनानं वर दिलं, न्यायाधीशांनी फोडलं, वाचलं आणि शेजारच्या न्यायाधीशांकडे सरकवलं. भिंतीवरच्या घड्याळात मी बघत होते. दोघांना मिळून चार मिनिटं लागली. चार मिनिटांत दोन माणसांचं वाचून होणारा मजकूर तीन पानांपेक्षा मोठा नसतो, हे मी सव्वीस वर्षांच्या वकिलीवर सांगू शकते. तेवढ्या तीन पानांवर एक माणूस आत बसलाय, आणि ती पानं त्याला दाखवायची नाहीत, त्याच्या वकिलांनाही दाखवायची नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी त्या दिवशी खंडपीठात डोळ्यांनी पाहिली.

माझं रोजचं काम तालुक्याच्या कोर्टातलं. बांध कोरला, वाटणी झाली नाही, नवरा नांदवत नाही, विहिरीच्या पाण्याची पाळी मोडली, असल्या भांडणांवर माझं घर चालतं. आष्टी-कड्याकडच्या कोरड्या रानात पीक येवो न येवो, बांधाचा दावा बारमाही येतो. स्वभावानं मी चिडकी आहे. समोरचा वकील तारीख मागायला उभा राहिला की माझं डोकं फिरतं, हे आमच्या कोर्टाच्या शिपायालाही माहीत आहे. पण माझ्या चिडण्याला कायम समोर काहीतरी असायचं. खोटा फेरफार, पढवलेला साक्षीदार, चुकीची मोजणी. कागद हातात आला की त्याच्यावर तुटून पडायचं, एवढंच मला येतं. या खटल्यात तुटून पडायला कागदच नव्हता.

ज्याच्यासाठी ते पाकीट निघालं तो आमचा भाडेकरू. अफगाणिस्तानातून इकडं शेतकी कॉलेजात शिकायला आलेला. शिकत असतानाच तिकडचं राज्य बदललं. त्याचे वडील जुन्या राजवटीत एका कोर्टात कारकून होते. नव्या लोकांनी थोरल्या भावाला चौकशीला म्हणून नेलं आणि तो परत आला नाही. वडिलांनी फोनवर एवढंच सांगितलं की काही झालं तरी येऊ नकोस. मग याचा व्हिसा संपला. दिल्लीला जाऊन त्यानं निर्वासित असल्याचं कार्ड मिळवलं, पण आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळं त्या कार्डाला बघणारा किंमत देईल तेवढी किंमत. आमच्या गावचा एक पोरगा त्याच्या वर्गात होता, त्यानं त्याला इकडं आणलं. शेळ्या-मेंढ्यांच्या दुखण्यातलं त्याला चांगलं कळायचं आणि आमच्याकडं शेळ्यांना तोटा नाही. पुढं तो मित्र नोकरीला पुण्याला गेला आणि हा राहिला, आमच्या मागच्या खोलीत.

खोली देताना मी स्वतः ठाण्यात जाऊन लेखी कळवलं होतं. त्याची पोच माझ्याकडं आहे. दर तीन महिन्यांनी तो ठाण्यात जाऊन सही करायचा आणि सहीला गेला की हवालदारांच्या घरच्या शेळीलाही औषध देऊन यायचा. गावानं त्याचं नाव विचारलं नाही असं नाही. विचारलं, दोनदा उच्चारून पाहिलं आणि सोडून दिलं. त्याला सगळे पाव्हणं म्हणायचे. मराठी त्यानं माझ्या आईच्या तोंडून उचललेली, त्यामुळं त्याच्या बोलण्यात ‘हाय’ आणि ‘न्हाई’ असायचं. मात्र कोर्टाची भाषा त्याला आधीपासून यायची. वकील, फैसला, जामीन, दस्तऐवज हे शब्द त्याच्या वडिलांच्याही टेबलावर होते. संध्याकाळी मी दावे लिहीत बसले की तो समोर बसून वाचायचा आणि म्हणायचा, “ताई, ह्यो तर आमच्याच घरचा कागद दिसतो.”

आता पेटीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडकलं.

आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊस तोडायला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात, कुणी गुजरातेत. पाच-सहा महिने घराला कुलूप. उसाच्या फडात पाचटाची झोपडी, तिथं कागद ठेवायचे कुठं? पाण्यानं भिजतात, उंदीर खातात, एकदा झोपडी पेटली तेव्हा एका घराचे सगळे दाखले गेले. म्हणून जाताना प्रत्येक घर आपले कागद पिशवीत बांधून गावातच एका माणसाकडं ठेवून जातं. आधार कार्डं, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, पोरांचे शाळेचे दाखले. तो माणूस भावकीतला चालत नाही. “भावकीत कागद म्हंजी चोराच्या हातात किल्ल्या,” असं आई म्हणते. माझे वडील शाळामास्तर, आमचं घर बौद्ध, गावातल्या कुठल्याच भाऊबंदकीत आमचा पाय नाही. म्हणून वडिलांची लोखंडी पेटी तीस वर्षं गावाची तिजोरी होती. मराठ्यांचे, वंजाऱ्यांचे, आमच्या लोकांचे, सगळ्यांचे कागद एका पेटीत शेजारी शेजारी बसायचे. पंगतीत नाही बसले कधी, पेटीत बसले.

वडील गेल्यावर प्रश्न आला. मी दिवसभर कोर्टात, आईला वाचता येतं पण डोळे अधू. आईनं एका दसऱ्याला पेटीची किल्ली पाव्हण्याकडं दिली. लोकांनी कुरकुर केली का? मुळीच नाही. एका काकूनं तर आईला सांगितलं, “बरं केलं मास्तरीणबाई. ज्याला जायाला ठावच न्हाई, त्यो आपले कागद घिऊन कुठं पळंल?” मला तेव्हा हसू आलं होतं.

पुढं कागदांबरोबर फोनही आले. बँकेचा, गॅसचा, सरकारी अर्जाचा, सगळ्यांचा आकडा फोनवर येतो आणि तो सांगितल्याशिवाय काम होत नाही. फडात फोन हरवतो, चार्जिंग नसतं. मग लोक जुना बटणाचा फोन त्या नंबरासकट पेटीत ठेवून जायला लागले. पाव्हणं ते सगळे फोन ओळीनं चार्ज करून ठेवायचा, पाठीवर चिकटपट्टी लावून घराचं नाव लिहायचा. एखाद्या फोनवर आकडा आला की लगेच दुसऱ्या फोनवरून गुजरातेत नाहीतर कर्नाटकात, टोळीच्या मुकादमाच्या फोनवर कळवायचा. “काकू, लिवून घ्या. चार, सात, सात, झिरो.” स्वयंपाकघरात बसून मी हे रोज ऐकत होते. त्यात काही वावगं आहे असं माझ्या वकिली डोक्याला एकदाही वाटलं नाही.

गाडी आली ती पौषात, सकाळी अकराच्या सुमाराला. मी कोर्टात होते. आईचा फोन आला तेव्हा माझ्यापुढं उलटतपासणीतला साक्षीदार उभा होता, म्हणून मी उचलला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा बाहेर गेले. घरी पोचेपर्यंत ते त्याला घेऊन गेले होते. आमच्या ठाण्याचे नव्हते, वरून आलेले होते. ठाण्याचा एक हवालदार वाट दाखवायला सोबत होता आणि आईकडं बघत नव्हता. त्याची खोली तपासली, लॅपटॉप, त्याचा स्वतःचा फोन, दोन वह्या आणि शेळ्यांच्या औषधांची पिशवी नेली. “चौकशी करून सोडतील म्हनले,” आई म्हणाली. चौकशीला नेलेला भाऊ ज्याचा परत आला नाही, त्याला हेच वाक्य सांगून नेलं होतं. मी ओसरीवर बसले आणि मला रडू नाही, राग आला. कुणावर ते कळेना.

तीन दिवसांनी कळलं की दहशतवादी संघटनेशी संबंध असल्याचा संशय आहे, म्हणून परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात त्याला स्थानबद्ध केलंय आणि परत पाठवायची तजवीज चालू आहे. आमच्या गावापासून ते केंद्र एका दिवसाच्या वाटेवर. गुन्हा दाखल नाही, त्यामुळं कलम नाही. कलम नाही म्हणून जामीन नाही. मी ज्या ज्या टेबलापुढं उभी राहिले तिथं मला हेच सांगितलं गेलं, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस ते असं सांगायचा की मी जणू पाचवीतली मुलगी आहे. मी लेखी विचारलं, संशय कशावरून? लेखी उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही. मी विचारलं, निदान कुठल्या साली, कुठल्या गावी, कुणाबरोबर? उत्तर आलं, वरीलप्रमाणे. ‘वरीलप्रमाणे’ या एका शब्दावर मी तो कागद भिंतीवर मारला. कागदच तो, भिंतीला काय लागणार!

खंडपीठात उभं राहायची मला सवय नाही, म्हणून तिथले एक ज्येष्ठ वकील घेतले. हळू बोलणारे, पिकलेल्या मिशांचे, कधीही न चिडणारे गृहस्थ. पहिल्याच तारखेला त्यांनी एक मोठं काम केलं. पुढच्या तारखेपर्यंत त्याला देशाबाहेर पाठवू नये, असा हुकूम मिळवला. आणि त्याच तारखेला ते पाकीट आलं. वाचून झाल्यावर न्यायाधीश म्हणाले, “माहिती गंभीर आहे.” आमचे ज्येष्ठ म्हणाले, “निदान सारांश तरी मिळावा.” सरकारी वकील म्हणाले, “सारांशातूनही स्रोत उघड होईल.” झालं. पुढची तारीख.

बाहेर आल्यावर ज्येष्ठांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “बाई, आता एकच करायचं. काही करायचं नाही. जे दाखवलं नाही त्याला उत्तर द्यायचं नाही. दाखवा, दाखवा, एवढंच म्हणत राहायचं.”

हे ऐकून घेण्याचा माझा स्वभाव असता तर पुढचं घडलं नसतं.

गावात तोवर प्रत्येकाला पाकिटातला मजकूर माहीत झाला होता. कुणी म्हणे त्याला बाहेरून पैसे येतात. कुणी म्हणे त्याच्या औषधांत काहीतरी होतं. ज्याच्या शेळीचं अडलेलं करडू त्यानं हात घालून सोडवलं होतं, तोही म्हणाला, “वकीलबाई, आपल्याला काय ठावं म्हना, मानसाच्या पोटात काय आसतं.” मी त्याला पारावर चारचौघांत नको ते बोलले. पण रात्रंदिवस मीही तेच करत होते, अंदाज. मी फक्त त्याला कायदेशीर विचार म्हणत होते.

आणि मग मला ते सापडलं. म्हणजे मला वाटलं सापडलं. ठाण्यासमोरच्या हॉटेलात तो वाट दाखवणारा हवालदार चहा पिताना मालकाला विचारत होता, “त्याच्याकडं फोन किती आसायचे बे?” हॉटेलवाल्यानं येऊन मला सांगितलं. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पेटी! परदेशी माणूस, त्याच्याकडं सत्तावीस घरांची आधार कार्डं, दुसऱ्यांच्या नावाचे फोन, रोज परराज्यांत कॉल, आणि कॉलवर काय, तर नुसते आकडे. बाहेरून बघणाऱ्याला याहून संशयास्पद काय दिसेल? पाकिटात हेच आहे. आणि हे तर मी एका दिवसात खोडून टाकते! सत्तावीस घरं साक्षीला आहेत. मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारली. आई म्हणाली, “सुटंल का मग त्यो?” मी म्हणाले, “पंधरा दिवसांत.”

त्या आनंदात मी आईला एक साधा प्रश्न विचारायला विसरले.

ज्येष्ठांनी फोनवर मला तीनदा नको म्हणून सांगितलं. मी म्हणाले, गप्प बसलो तर कबूल आहे असं धरतील. ते म्हणाले, “धरू देत. धरणं आणि असणं यात फरक आहे.” मी आवाज चढवला. शेवटी ते म्हणाले, “गाव तुमचं, अशील तुमचा. करा.”

मग मी पंधरा दिवस फड पालथे घातले. सांगलीकडचे तीन, कर्नाटकातला एक. जिथं पोचता आलं नाही तिथल्या माणसांना जवळच्या गावात नोटरीसमोर उभं केलं. बायका हातातला कोयता खाली ठेवून, अंगाला उसाचं कुसळ टोचत असताना, अंगठ्याला शाई लावून घ्यायच्या. एकीनंही का म्हणून विचारलं नाही. पारावर ज्याला बोलले होते तो शेळीवालाही त्यात होता; त्याची पोरं फडात होती, तो गावात राहिलेला. त्यानं सही केली आणि म्हणाला, “आमी येडे हाव बाई, पर बेईमान न्हाई.” ते मला फार लागलं. मी त्याची माफी मागितली, त्यानं ती घेतली.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं प्रतिज्ञापत्र मी तेव्हा लिहिलं. काहीही लपवलं नाही. पेटी कुठं असते, किल्ली कुणाकडं असते, कुठल्या घराचे कुठले कागद, किती फोन, कुठल्या नंबरावरून कुठल्या जिल्ह्यात आणि कुठल्या राज्यात बोलणं व्हायचं, आणि त्यात आकडे कशासाठी सांगितले जायचे. गावात तो ‘पाहुणा’ या नावानं ओळखला जातो, हेसुद्धा लिहिलं. सोबत सत्तावीस घरांची यादी. दाखल करून बाहेर आले तेव्हा मला वाटलं होतं, आता बघू ते पाकीट काय करतं.

पुढच्या तारखेला सरकारी वकिलांनी वेळ मागून घेतला. त्याच्या पुढच्या तारखेला दुसरं पाकीट आलं. हे पहिल्यापेक्षा जाड होतं. न्यायाधीशांना वाचायला अकरा मिनिटं लागली. मग सरकारी वकील माझ्याकडं बघून, अगदी सभ्यपणे म्हणाले, “अर्जदाराच्याच प्रतिज्ञापत्रावरून आणखी काही बाबी तपासात पुढे आल्या आहेत. सदर इसम टोपणनावाने वावरत होता आणि इतरांच्या ओळखपत्रांचा साठा बाळगून होता, हे त्यांनीच मान्य केले आहे.”

मी उभी राहिले. ज्येष्ठांनी माझा गाऊन धरून मला खाली बसवलं.

मला तेव्हाही पूर्ण उमजलं नव्हतं. ते उमजलं दोन दिवसांनी, जेव्हा गाडी पुन्हा आमच्या दारात आली. या वेळी मी घरी होते. अधिकारी तरुण होता, नम्र होता, चप्पल बाहेर काढून आला. त्याच्या हातात माझ्या प्रतिज्ञापत्राची प्रत होती, त्यात पिवळ्या रंगानं ओळी रंगवलेल्या. तो म्हणाला, “आजी, यात लिहिलेली ती लोखंडी पेटी दाखवा.”

आई माझ्याकडं बघत राहिली. पेटी आतल्या खोलीत आईच्या बाजेखाली, ज्वारीच्या पोत्यांमागं होती. किल्ली पाव्हण्याकडं असली तरी पेटी कायम आईच्याच खोलीत असायची, आणि पहिल्या वेळी त्यांनी फक्त त्याची खोली बघितली होती. आणखी काही सामान हाय का त्याचं, असं आईला विचारलं होतं. आईनं खरं तेच सांगितलं होतं, “त्याचं न्हाई काई.” पेटीतलं काही त्याचं नव्हतंच. ते गावाचं होतं.

“त्यांनी कवा बघितलीवती पेटी?” त्यांच्यासमोरच आई मला म्हणाली. “तू कावून सांगितलंस?”

मी वाकून ज्वारीची पोती बाजूला ओढली.

पेटी गेली. पंचनाम्यावर मीच सही केली, कारण वाचता येणारी दुसरी कुणी तिथं नव्हती. एकेक पिशवी उघडून नोंद झाली. वडिलांच्या अक्षरातल्या जुन्या चिठ्ठ्या काही पिशव्यांवर अजून होत्या. त्याही गेल्या. फोन, चिकटपट्ट्यांसकट, वेगळ्या पोत्यात भरले. कागद परत कधी मिळतील, असं मी विचारलं. तपास पूर्ण झाल्यावर. तपास कधी पूर्ण होईल? तो तरुण अधिकारी ओशाळं हसला. ‘वरीलप्रमाणे’ असं तो म्हणाला नाही, एवढंच.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत सांगतात. मला हसता आलं नाही. पहिल्या पाकिटात काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित नावातलं साम्य असेल, कदाचित कुठल्यातरी देशातून आलेला एखादा फोन असेल, कदाचित नुसता अंदाज असेल, माझ्यासारखाच. पण दुसऱ्या पाकिटात काय होतं ते मला नीट माहीत आहे. ते मी लिहिलंय. मी इतकं चांगलं लिहिलं की त्यांना फारसं काही करावंच लागलं नाही.

पाडव्यानंतर टोळ्या परत आल्या. माणसं कुलूप उघडण्याआधी आमच्या दारात आली, दर वर्षीसारखी, पिशव्या घ्यायला. आई आत जाऊन बसली. सत्तावीस घरांना मी ओसरीवर एकटीनं तेच तेच सांगितलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं आणि निघून गेले. ते जास्त वाईट होतं. ती काकू, जिनं ‘कुठं पळंल’ म्हटलं होतं, तिला नातीचा शाळेचा दाखला हवा होता. नात अभ्यासात हुशार, आश्रमशाळेत नंबर लागला होता, आणि दुसरी प्रत काढायला काकूचं स्वतःचं आधार कार्डही पेटीत. काकू ओरडली नाही. म्हणाली, “पाव्हण्यानं चार सालं संभाळले, वकीलबाई. तुमी एका कागदात घालवले.”

नातीचा दाखला मी महिनाभर खेपा घालून मिळवला. बाकीच्या घरांची कामं अजून चालू आहेत. एकेका कार्डासाठी माणसाला कड्याला, आष्टीला, कधी बीडला नेते, रांगेत उभी राहते, आणि खिडकीतला माणूस विचारतो की मूळ प्रत कुठंय. दर वेळी मी सांगते, पोलिसांकडं. दर वेळी तो मान वर करून त्या माणसाकडं वेगळ्या नजरेनं बघतो. म्हणजे आता सत्तावीस घरं संशयात, आणि ती मी घातली. कुणी म्हणेल, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मी तर त्या पायरीवरच संसार मांडलाय.

उन्हाळ्यात मला त्याला भेटायची परवानगी मिळाली. अर्धा तास, मधे जाळी, शेजारी एक शिपाई. तो वाळला होता. दाढी वाढलेली नव्हती, उलट फार गुळगुळीत केलेली होती. त्यानं आधी आईचं विचारलं, मग काकूच्या त्या खांद्यात लंगडणाऱ्या शेळीचं. मी त्याला पेटीचं सांगितलं. सगळं, न लपवता, माझ्या तोंडानं. मला वाटलं होतं तो चिडेल. मला तेच हवं होतं. तो म्हणाला, “ताई, तुमी वाईट वाटून घिऊ नका. तुमच्या जागी मी आसतो तर मीबी पेटीचंच लिवलं आसतं.”

शिपायानं घड्याळ बघितलं. मी घाईघाईनं त्याला कायदा समजावायला लागले. परत पाठवायला मनाई प्रत्येक तारखेला वाढवून मिळतेय, म्हणजे तो जिवंत आहे. पण खटला संपला आणि निकाल विरुद्ध गेला तर विमानात बसवतील. म्हणून तारीख पडते तेही एका परीनं बरंच आहे. हे मी बोलत होते, मी, जिला तारखेचं नाव काढलं की डोकं फिरतं. हे किती दिवस, असं त्यानं विचारलं. मी म्हणाले, सांगता येत नाही. परत नेलंच तर तिकडं काय होईल हे आम्ही दोघंही बोललो नाही.

“ताई,” तो म्हणाला, “वडलांच्या कोर्टात मी लहानपणी बसायचो. तितं चोरीला इतकी वर्षं, मारामारीला इतकी वर्षं, आसं ठरलेलं आसायचं. तुमच्याकडंबी हाय ना तसं?”

“आहे.”

“मंग मी कबूल करतो. तुमी लिवून द्या. वर्षं मोजता येतील. हितं मोजायला कायच न्हाई.”

“काय कबूल करतोस?” मी विचारलं. माझा आवाज चढला आणि शिपाई आमच्याकडं बघायला लागला.

“पाकिटात जे आसंल ते.”

जन्मभर मी अशिलांना एकच गोष्ट ओरडून सांगत आले, काही झालं तरी कबूल करू नका. इथं ती सांगायचीही सोय नव्हती. कबूल करायला गुन्हा माहीत असावा लागतो, आरोप लिहिलेला असावा लागतो, त्याच्याखाली सही करायला जागा असावी लागते. मी त्याला म्हणाले, “अरे, तसं करता येत नाही.”

“कावून न्हाई?” त्यानं विचारलं. खरंच विचारलं, समजून घ्यायला, संध्याकाळी माझ्यासमोर दावे वाचताना विचारायचा तसं.

शिपाई म्हणाला वेळ झाली. तो उठला, आईला नमस्कार सांगा म्हणाला आणि आत गेला. मी तिथंच जाळीला धरून उभी राहिले. सव्वीस वर्षं मी लोकांना गुन्ह्यातून सोडवत आले. या माणसाला मला साधा एक गुन्हासुद्धा मिळवून देता आला नाही.